अधिक, टिंब आणि तीन बरोबर: पीएचपीची चिन्हं

वाचनपाठ, स्तर ६

तुमच्यापैकी काहींनी शाळेत पायथन शिकायला सुरुवात केली असेल, काहींनी जावास्क्रिप्टमध्ये छोटे खेळ बनवले असतील. या पाठात आपण तिसरीच एक भाषा घेणार आहोत: पीएचपी. तुमच्या गावातल्या मराठी मंडळाची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर ती पीएचपीवर चालते. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर उभा आहे, तीही पीएचपीत लिहिलेली आहे. म्हणजे ही भाषा तुम्ही आजवर पाहिली नसली, तरी तिने तयार केलेली पानं नेहमी वाचत आला आहात.

पाहिली नसणारच, कारण ती दिसत नाही. जावास्क्रिप्ट बहुतेक वेळा तुमच्या ब्राउझरमध्ये चालते, पीएचपी मात्र सर्व्हरवर चालते. पंगतीत बसलेल्या माणसाला ताट दिसतं, मुदपाकखाना दिसत नाही, तसं हे आहे. काय किती घातलं, कशात काय मिसळलं, ते सगळं आत ठरतं आणि तुमच्यापुढे तयार पान येतं. म्हणून पीएचपीत हिशेब चुकला तर पान वाचणाऱ्याला चूक कुठे झाली हे कळायला मार्ग नसतो. त्याला फक्त चुकीचं ताट मिळतं.

ही भाषा रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या छोट्या वेबसाइटसाठी सुरू केली आणि १९९५ च्या जूनमध्ये सगळ्यांसाठी खुली केली. लेर्डोर्फ मूळचे ग्रीनलंडचे. पुढे इस्राएलमधल्या हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेत शिकणाऱ्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. घरच्या वापरासाठी केलेली वस्तू गावभर झाली की तिच्यात काही जुन्या सवयी राहून जातात. त्या सवयी सगळ्यात जास्त कुठे दिसतात, तर तिच्या चिन्हांमध्ये.

ऑपरेटर म्हणजे काय

गणितात ४ + ३ लिहिताना ४ आणि ३ या किमती आहेत आणि + हे चिन्ह त्यांचं काय करायचं ते सांगतं. अशा चिन्हाला प्रोग्रामिंगमध्ये ऑपरेटर म्हणतात. मराठीत क्रियाचिन्ह म्हणता येईल. वाक्यात जे काम क्रियापद करतं, ते इथे हे चिन्ह करतं. ‘राम आंबा’ एवढंच म्हटलं तर रामाने आंबा खाल्ला की फेकला ते कळत नाही. 4 आणि 3 नुसते शेजारी ठेवले तर पीएचपीलाही कळत नाही.

पण पीएचपीची क्रियाचिन्हं आणखी एक काम गुपचूप करतात. समोर आलेली किंमत त्यांना हवी तशी नसेल, तर ती आधी तिला बदलून घेतात आणि मग क्रिया करतात. अक्षरांचा आकडा करतात, आकड्याची अक्षरं करतात, दोन्हींचं ‘खरं’ किंवा ‘खोटं’ही करतात. या पाठात लक्ष ठेवायचं ते याच गोष्टीवर.

मराठीत लिहिलेला कोड

हा मराठीचा वर्ग आहे, म्हणून आपण एक गंमत करणार आहोत. या पाठातल्या कोडमध्ये इंग्रजी अक्षर एकही नाही, तरीही तो चालतो. पीएचपीत प्रत्येक चलाचं, म्हणजे किंमत ठेवण्याच्या डब्याचं, नाव $ या चिन्हाने सुरू होतं आणि पुढचं नाव देवनागरीत असलं तरी चालतं. $भाव, $माणसे, $नोंदणी ही सगळी नावं पीएचपीला मान्य आहेत. पानावर किंमत छापायची असेल तर <?= आणि ?> या खुणांच्या मध्ये लिहायचं. (मोठा कोड सुरू करायला इंग्रजी अक्षरांची एक खूण लागते. ती प्रत्येक उदाहरणाच्या वर आहे असं समजा.)

$भाव = 12;
<?= $भाव * 2 ?>

पानावर 24 छापलं जाईल. मात्र इथे आकडे इंग्रजीच हवेत. $भाव = १२; असं लिहिलंत तर पीएचपीला १२ हा आकडा वाटत नाही, ते कशाचं तरी नाव वाटतं आणि ‘या नावाचं काही सापडलं नाही’ अशी तक्रार येते. मी मराठी माध्यमात शिकलो, पाढे देवनागरीत पाठ केले, त्यामुळे मला हे जरा लागतं. पण नियम तो नियम. म्हणून या पाठात मजकुरातले आकडे मराठी आहेत आणि कोडमधले इंग्रजी.

आता आपल्याला एक काम हवं. समजा, मंडळाने गणेशोत्सवातल्या स्नेहभोजनासाठी वेबसाइटवर अर्ज ठेवला आहे. त्यात कुटुंबाने मोठी माणसं किती, मुलं किती, आणि कुणाला काय खाल्लेलं चालत नाही हे भरायचं. मोठ्यांचे १२ आणि मुलांचे ६. (पौंड, डॉलर, दिरहॅम, तुमच्याकडचं जे असेल ते.) हा अर्ज वाचणारी पीएचपी आपण लिहितो आहोत.

अधिक आणि टिंब

अर्जातून आलेली प्रत्येक गोष्ट पीएचपीला अक्षरं म्हणून मिळते. चौकटीत तुम्ही 4 लिहिलंत तरी तो आकडा चार नसतो, ‘4’ हे अक्षर असतं. अवतरणचिन्हात असेल ते अक्षर, हे लक्षात ठेवा.

$मोठे = "4";
$लहान = "3";
<?= $मोठे + $लहान ?>
<?= $मोठे . $लहान ?>

पहिल्या ओळीचं उत्तर ७, दुसरीचं ४३. पीएचपीत + म्हणजे फक्त बेरीज. दोन्ही बाजूंना अक्षरं असली तरी ती त्यांचे आकडे करून घेते. जोडायचं असेल तर टिंब वापरायचं. टिंब दोन्ही बाजूंची अक्षरं करतं आणि एकापुढे एक चिकटवतं. जावास्क्रिप्टमधून येणारी मुलं इथे अडखळतात, कारण तिथे दोन्ही कामं + कडेच आहेत आणि "4" + "3" चं उत्तर "43" येतं. माझ्या मते पीएचपीने ही दोन कामं वेगळी ठेवली हे फार बरं केलं. चिन्ह बघून कळतं की लिहिणाऱ्याला बेरीज हवी होती की जोड.

आता चौकटीत लोक काय काय भरतात बघा. एखाद्या काकूंनी "3 मुले" असं लिहिलं. पीएचपी सुरुवातीचा 3 उचलते, पुढचं सोडून देते, बेरीज करते आणि वर एक इशारा देते. कुणी "तीन" लिहिलं, तर पीएचपी ८ मध्ये बेरीज होतच नाही, चूक दाखवून काम थांबतं. आणि आजोबांनी मराठी कळफलकावरून "३" लिहिलं तर? तेही "तीन" सारखंच. पीएचपीला ३ हा आकडा वाटत नाही. जुन्या पीएचपी ७ मध्ये तर इशारा देऊन "३" ची किंमत शून्य धरली जायची आणि बेरीज पुढे चालू राहायची. तीन नातवंडांचं जेवण यादीतून गेलं, आणि आजोबांनी मात्र अर्ज बरोबरच भरला होता. म्हणून मराठी लोक वापरणार असतील असा अर्ज बनवताना देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्यायचे.

कंचेभागुबेव

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पदावली सोडवायला एक शब्द पाठ करून घेतात: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आधी कंस सोडवायचा, शेवटी वजाबाकी. तुमच्या आईबाबांना विचारा, झोपेतही म्हणून दाखवतील. पीएचपीतही अशीच मानाची रांग आहे. गुणाकार, भागाकार आणि बाकी काढणारं % ही तिघं एका पायरीवर, अधिक-उणे त्यांच्या खालच्या पायरीवर. एका पायरीवरची चिन्हं डावीकडून उजवीकडे सोडवायची.

पण टिंब कोणत्या पायरीवर? हा प्रश्न शाळेत नव्हता. आता ही ओळ पाहा:

<?= "एकूण: " . $मोठे * 12 + $लहान * 6 ?>

चार मोठे, तीन लहान. ४८ आणि १८ मिळून ६६ व्हायला हवेत. पीएचपी ८ मध्ये तसंच होतं: आधी दोन्ही गुणाकार, मग बेरीज, मग टिंबाने जोड, आणि पानावर ‘एकूण: 66’. पण पीएचपी ७ पर्यंत टिंब आणि अधिक एकाच पायरीवर होते. म्हणजे डावीकडून आधी "एकूण: " ला 48 चिकटायचं, आणि मग "एकूण: 48" अधिक 18 अशी बेरीज व्हायची. "एकूण: 48" ची सुरुवात आकड्याने होत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य. उत्तर आलं १८. इशारा येतो, पण चालू वेबसाइटवर इशारे बहुतेक वेळा लपवलेले असतात. कुटुंबाने १८ भरले, मंडळाचे ४८ बुडाले. २६ नोव्हेंबर २०२० ला पीएचपी ८ आली तेव्हा हा क्रम बदलला. जुन्या सर्व्हरवर जुनी पीएचपी अजूनही सापडते, तेव्हा कंस घाला:

<?= "एकूण: " . ($मोठे * 12 + $लहान * 6) ?>

कंसाला कोणतीच पीएचपी नाही म्हणत नाही.

बाकीचं गणित पटकन पाहू. % म्हणजे बाकी. ४७ माणसं, एका टेबलाभोवती १० खुर्च्या: 47 % 10 ची किंमत ७, म्हणजे चार टेबलं भरून सात जण उभे राहिले, पाचवं टेबल मांडा.  ** म्हणजे घात, 2 ** 3 म्हणजे ८. शून्याने भागलंत तर चूक येते, ती यायलाच हवी. $क्रम++ म्हणजे क्रमात एक मिळवा. $एकूण += 12 म्हणजे आधीच्या एकूणात १२ मिळवून परत तिथेच ठेवा, आणि .= तेच काम अक्षरांसाठी करतं.

पैशांबद्दल एक सांगतो. 0.1 + 0.2 छापलंत तर 0.3 दिसतं, पण ते 0.3 शी बरोबर आहे का विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येतं. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, आणि आपल्याला जसं १ भागिले ३ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसं त्याला ०.१ पूर्ण लिहिता येत नाही. म्हणून पैशांचा हिशेब पूर्ण संख्येत ठेवतात: पेनी, सेंट, फिल्स, अगोरा, जे असेल त्यात. छापताना शंभराने भागायचं.

एक बरोबर, दोन बरोबर, तीन बरोबर

गणितात = एकच आहे. पीएचपीत तीन आहेत आणि तिघांची कामं वेगळी.

एक = म्हणजे ‘ठेव’. $भाव = 12 म्हणजे भावाच्या डब्यात १२ ठेव.

दोन == म्हणजे ‘सारखं आहे का?’ पण विचारण्याआधी हे चिन्ह दोन्ही बाजू एकमेकींसारख्या करून बघतं.

तीन === म्हणजे ‘किंमतही तीच आणि जातही तीच आहे का?’ हे काही बदलत नाही. अक्षर असेल तर अक्षरच, आकडा असेल तर आकडाच.

दोन बरोबरवाल्याचा चांगुलपणा कसा महागात पडतो बघा. समजा, नोंदणीचे क्रमांक "0042" असे चार अक्षरी आहेत. कुणी चुकून "42" लिहिलं. "0042" == "42" याचं उत्तर ‘हो’. दोन्हीकडे आकड्यासारखी अक्षरं दिसली की पीएचपी त्यांचे आकडे करून ताडते, आणि बेचाळीस म्हणजे बेचाळीस. पण "0042" === "42" याचं उत्तर ‘नाही’. क्रमांक, पिनकोड, फोन नंबर ही आकड्यांनी लिहिलेली नावं आहेत, त्यांची बेरीज कुणी करत नाही. त्यांच्यासाठी तीन बरोबर वापरा.

हाच प्रकार पासवर्डच्या बाबतीत झाला तर चोराला दार उघडं मिळतं. पूर्वी पासवर्ड एमडी५ नावाच्या पद्धतीने लांबलचक अक्षरमाळेत बदलून ठेवत. 240610708 या शब्दाची माळ शून्य, मग इंग्रजी ‘ई’, मग नुसते आकडे अशी आहे. विज्ञानाच्या लिखाणात त्याचा अर्थ होतो ‘शून्य गुणिले दहाचा अमुक घात’, म्हणजे शून्य. अशा दुसऱ्या कुठल्याही माळेशी == ने ताडलं तर शून्य बरोबर शून्य, या आत. पीएचपी ८ मध्येही हे असंच आहे. आता पासवर्डसाठी पीएचपीत वेगळी, सुरक्षित साधनं आहेत, तीच वापरायची.

पीएचपी ८ ने एक मोठी खोड मात्र काढली. त्याआधी 0 == "मोदक" याचं उत्तर ‘हो’ यायचं, कारण "मोदक" चा आकडा करायला गेलं की शून्य. आता ‘नाही’ येतं.

शेंगदाण्याची जागा

आता अर्जातली सगळ्यात महत्त्वाची चौकट: काय चालत नाही? आपल्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट, साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, भरल्या वांग्यात दाण्याचं कूट. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी हा चवीचा प्रश्न नसतो. दवाखान्यात धावावं लागतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून ज्यांच्या अर्जात शेंगदाण्याचा उल्लेख आहे, त्यांची वेगळी यादी स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातात गेली पाहिजे.

पीएचपीत एका मजकुरात दुसरा शब्द शोधणारं एक साधन आहे, स्ट्रपॉस. शब्द सापडला तर तो कितव्या जागेपासून सुरू होतो तो आकडा ते देतं, नाही सापडला तर ‘खोटं’ देतं. जागा मोजायला सुरुवात शून्यापासून होते. ते उत्तर आपण $जागा मध्ये ठेवलं असं धरा. आता दोन अर्ज आले:

पहिला: "माझ्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत"
दुसरा: "शेंगदाणे चालत नाहीत"

पहिल्यात शब्द मध्येच आहे, म्हणून जागा कुठला तरी मोठा आकडा. दुसऱ्यात शब्द अगदी सुरुवातीला, म्हणून जागा शून्य. तपासण्यासाठी आधी एक खोटी गोष्ट करून ठेवू. एक हा दोनापेक्षा मोठा, यापेक्षा खोटं काय असणार?

$खोटं = (1 > 2);
<?= $जागा == $खोटं ? "नेहमीचं ताट" : "वेगळं ताट" ?>

(? आणि : ही जोडी म्हणजे ‘असेल तर हे, नाहीतर ते’. खरं असेल तर पहिलं, खोटं असेल तर दुसरं.)

पहिल्या अर्जाला वेगळं ताट मिळालं. दुसऱ्याला नेहमीचं! कारण == ने शून्य आणि ‘खोटं’ यांना ताडताना शून्याचंही ‘खोटं’ करून घेतलं. ‘शब्द शून्याव्या जागी सापडला’ आणि ‘शब्द सापडलाच नाही’ या दोन उलट गोष्टी त्याला एकच वाटल्या. ज्याने सगळ्यात स्पष्ट, पहिल्याच शब्दात सांगितलं, त्याचंच ऐकलं गेलं नाही. आणि तपासणारा बहुधा पहिल्यासारखा मजकूर घालून बघतो, त्याला सगळं ठीक दिसतं.

एक बरोबर वाढवा:

<?= $जागा === $खोटं ? "नेहमीचं ताट" : "वेगळं ताट" ?>

आता शून्य हा आकडा आहे, ‘खोटं’ हे खरं-खोटं जातीचं आहे. दोन्ही वेगळे, म्हणून वेगळं ताट. पीएचपी ८ मध्ये ‘आहे की नाही’ एवढंच सांगणारं साधनही आलं आहे, ते त्याहून बरं.

इथे तुमचं मराठी व्याकरणही कामाला येतं. कुणी "शेंगदाण्याची ॲलर्जी आहे" असं लिहिलं तर? "शेंगदाणे" हा शब्द त्यात नाहीच. शब्दाला प्रत्यय लागताना त्याचं सामान्यरूप होतं: शेंगदाणा, शेंगदाण्या-ची. म्हणून शोधायचं ते "शेंगदाण" एवढंच. शेंगदाणा, शेंगदाणे, शेंगदाण्याची या तिन्हींत तेवढा भाग सारखा आहे. इंग्रजीत विचार करून लिहिलेला शोध इथे फसतो. आणि खरं सांगायचं तर एवढ्या गंभीर गोष्टीसाठी मजकूर शोधत बसूच नये. ‘शेंगदाणे चालत नाहीत’ अशी खूण करायची वेगळी चौकट द्यावी, आणि शिवाय माणसाने अर्ज वाचावेत.

नसलं तर काय?

अर्जात चहा किती कप हेही विचारलं आहे. उत्तर नसेल तर दोन कप धरायचे. त्यासाठी दोन चिन्हं आहेत आणि ती जुळ्या भावांसारखी दिसतात.

<?= $चहा ?: 2 ?>
<?= $चहा ?? 2 ?>

?: विचारतं, ‘ही किंमत खरी आहे का?’ ?? विचारतं, ‘ही किंमत मुळात आहे का?’ कुणी "0" लिहिलं, म्हणजे चहा नको असं स्पष्ट सांगितलं, तर ?: त्याला खोटं मानतं आणि दोन कप लावतं. ?? शून्याचा मान ठेवतं. (गंमत म्हणजे देवनागरी "०" ला ?: खरं मानतं, कारण त्याच्या लेखी तो शून्यच नाही.) पण चौकट रिकामी सोडून अर्ज पाठवला तर रिकामी का होईना, किंमत आलेली असते, तिथे ?? दोन लावत नाही. त्यामुळे रिकामं आहे का हे वेगळं तपासावं लागतं:

<?= $चहा === "" ? 2 : $चहा ?>

‘नको’, ‘शून्य’ आणि ‘सांगितलंच नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण घरी पाहुण्याला विचारताना हा फरक पाळतोच.

‘आणि’साठी &&, ‘किंवा’साठी ||, ‘नाही’साठी !. && डावीकडची गोष्ट खोटी निघाली की उजवीकडे बघतच नाही, आणि ते सोयीचं आहे: $माणसे > 0 && $खर्च / $माणसे < 10 असं लिहिलं की शून्याने भागण्याची वेळ येत नाही. पीएचपीत ‘आणि’साठी अँड हा इंग्रजी शब्दही आहे, पण मानाच्या रांगेत तो = च्याही खाली बसतो. $प्रवेश = $नोंदणी अँड $पैसे असं लिहिलं तर प्रवेशात फक्त नोंदणी ठेवली जाते, पैसे विचारात घेतलेच जात नाहीत. मी तो शब्द वापरतच नाही, तुम्हीही वापरू नका.

यान आणि ळ

शेवटचं चिन्ह मला फार आवडतं: <=>. ते अवकाशयानासारखं दिसतं म्हणून त्याला स्पेसशिप म्हणतात. पर्ल भाषेत ते आधीपासून होतं, पीएचपीत २०१५ साली आलेल्या आवृत्ती ७ बरोबर आलं. डावी बाजू लहान असेल तर -1, सारख्या असतील तर 0, डावी मोठी असेल तर 1. यादी क्रमाने लावायला याच्याइतकं सोपं काही नाही.

दारावर ठेवायची नावांची यादी त्याने लावून बघू.

<?= "काळे" <=> "काशीकर" ?>

उत्तर -1, म्हणजे काळे आधी. पण तुम्ही वर्णमाला म्हणून बघा: ... य र ल व श ष स ह ळ. श आधी येतो, ळ ह च्याही नंतर. मराठी शब्दकोशाच्या रीतीने काशीकर आधी आणि काळे नंतर यायला हवेत. मग यान चुकलं का? त्याला वर्णमाला माहीतच नाही. प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक दिलेला आहे, यान तेवढाच क्रम पाळतं, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलेला आहे. तसंच ॲ. हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात बऱ्याच नंतर, ह च्याही पुढे आहे. त्यामुळे तुमच्या वर्गातली ॲना यादीत शेवटी जाऊन बसते. आणि तेच नाव दुसऱ्या कुणी अ वर चंद्र देऊन टाइप केलं असेल तर ते यादीत वर येतं. दिसायला दोन्ही सारखी, == म्हणतं वेगळी.

यावर उपाय आहे. पीएचपीच्या इंटल या जोडसाधनात कोलेटर नावाची सोय आहे. तिला भाषा मराठी आहे असं सांगितलं की ती वर्णानुक्रम आपल्या रीतीने लावते. पण ते तिला सांगावं लागतं, आणि सांगण्यासाठी ळ कुठे येतो हे सांगणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

शब्दार्थ

पंगत: जेवायला ओळीने बसलेली माणसं
मुदपाकखाना: मोठ्या जेवणाचा स्वयंपाक होतो ती जागा
टिंब: बिंदू, ठिपका
खोड: वाईट सवय
जिवावर बेतणे: प्राण जाण्याची वेळ येणे
सामान्यरूप: प्रत्यय लागण्याआधी शब्दाच्या रूपात होणारा बदल

स्वाध्याय

१. $अ = "2"; $ब = "3"; असेल तर $अ . $ब * 2 आणि ($अ . $ब) * 2 यांच्या किमती काढा. कोणतं चिन्ह आधी सुटलं ते एका वाक्यात लिहा.

२. <?= "नाव: " . $नाव ?? "पाहुणे" ?> या ओळीत नाव दिलेलं नसलं तरी ‘पाहुणे’ कधीच छापलं जात नाही. टिंब ?? च्या आधी सुटतं, एवढी सूचना देतो. कंस कुठे घालाल?

३. गोवेकर, गोळे, गोरे ही आडनावं आधी मराठी वर्णानुक्रमाने लावा, मग यान कशी लावेल ते लिहा. (युनिकोडमध्ये क्रम: र, ल, ळ, व.)

४. आपला "शेंगदाण" हा शोध ज्यात फसेल असं एक वाक्य लिहा, ज्यात माणूस शेंगदाण्याबद्दलच बोलतो आहे. मग घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हीच गोष्ट ते आणखी कोणकोणत्या शब्दांत सांगतील, आणि ते शब्द वहीत उतरवून पुढच्या तासाला घेऊन या.